अपग्रेडनंतर न उठलेली सर्व्हिस

पॅकेज अपग्रेड चालू असतं, स्क्रीनवरून ओळी पळत असतात आणि मध्येच एक ओळ येते: 'पोस्ट-इन्स्टॉलेशन स्क्रिप्ट सबप्रोसेस रिटर्न्ड एरर एक्झिट स्टेटस १'. तिच्या मागोमाग आणखी काही पॅकेजेस 'डिपेन्डन्सी प्रॉब्लेम्स, लीव्हिंग अनकॉन्फिगर्ड' म्हणत अंग टाकतात आणि शेवटी एपीटी, म्हणजे पॅकेजेस आणून बसवणारं साधन, हात वर करतं. डेबियन किंवा उबंटूवर सर्व्हर सांभाळणाऱ्यांना हे दृश्य नवं नाही. त्या क्षणी मनात येणारं वाक्यही सगळ्यांचं सारखंच असतं: अपग्रेडने वाट लावली.

मला या वाक्याबद्दलच बोलायचं आहे. इतकी वर्षं हे काम केल्यावर माझं मत असं झालं आहे की बहुतेक वेळा अपग्रेडने काहीच मोडलेलं नसतं. कित्येक महिन्यांत कुणीच न केलेली एक गोष्ट त्याने केलेली असते: सर्व्हिस, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्राम, थांबवून पुन्हा सुरू करणं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते आणि नाव कावळ्याचं होतं. फांदी आतून कधी किडली, हे कुणी विचारत नाही.

चालू सर्व्हिस आणि डिस्कवरच्या तिच्या फायली यांचं नातं आपण समजतो तितकं घट्ट नसतं. प्रोसेस सुरू होताना कॉन्फिगरेशन वाचते, लायब्ररी मेमरीत घेते, पोर्ट उघडते, लॉग फाइल धरते. एकदा हे झालं की तिचं त्या फायलींशी फारसं काम उरत नाही. मागाहून कॉन्फिगरेशनमध्ये चुकीची ओळ लिहा, सर्टिफिकेटची फाइल हलवा, परवानग्या बदला. ती आपली चालूच राहते. लिनक्समध्ये तर उघडी असलेली फाइल डिलीट केली तरी ज्या प्रोसेसने ती धरली आहे तिच्यापुरती ती शिल्लक असते. डिरेक्टरीतलं नाव जातं, मजकूर राहतो. म्हणजे 'सर्व्हिस चालू आहे' याचा अर्थ एवढाच, की शेवटची सुरू झाली तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. आज ते तसं आहे का, हे पुढचा रीस्टार्टच सांगतो.

एक उदाहरण जवळून सांगतो. एका डेटाबेस सर्व्हरवर सुरक्षेचं किरकोळ अपग्रेड आलं होतं. मुख्य आवृत्ती तीच होती. अपग्रेडने सर्व्हिस थांबवली, नव्या फायली ठेवल्या, सुरू करायला गेलं आणि ती उठेना. लगेच चर्चा सुरू झाली की नवं पॅकेज खराब आहे, जुनं परत टाका. जुनं टाकलं असतं तरी तेच झालं असतं, कारण लॉगमध्ये स्वच्छ लिहिलं होतं: 'अननोन व्हेरिएबल मॅक्स_कनेशन्स=४००'. 'कनेक्शन्स'मधलं एक अक्षर राहून गेलं होतं. ती ओळ होती कित्येक महिन्यांपूर्वीची. गर्दीच्या काळात कुणीतरी कनेक्शनची मर्यादा वाढवली होती. आधी चालू डेटाबेसमध्ये 'सेट ग्लोबल' देऊन, आणि ती कायम राहावी म्हणून फाइलमध्येही लिहून. चालू डेटाबेसमध्ये दिलेली आज्ञा बरोबर होती, त्यामुळे फरक ताबडतोब दिसला आणि काम झालं असं सगळ्यांनी धरलं. फाइलमधली ओळ मात्र त्या दिवसापासून कुणी वाचलीच नव्हती, माणसानेही नाही आणि डेटाबेसनेही नाही. अक्षर भरलं, एपीटीच्या खाली प्रत्यक्ष पॅकेजेस बसवणाऱ्या डीपीकेजीला 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' अशी आज्ञा दिली, आणि ताटकळत बसलेली सगळी पॅकेजेस एकामागून एक पूर्ण झाली.

चूक करणारा माणूस तेव्हा सावध होता, त्याने नीट विचार करून दोन्हीकडे बदल केला होता. त्यामुळे 'नीट काम करत जा' एवढ्या सल्ल्याने असले प्रसंग टळत नाहीत. चूक आणि तिचं दिसणं यांच्यामध्ये महिने जातात, इथे खरी अडचण आहे. इतक्या काळाने कारण शोधायला बसलं की नजर आपसूक काल-आज काय बदललं याकडेच जाते.

म्हणून अशा वेळी वाचायला कुठून सुरुवात करायची, याला फार महत्त्व आहे. स्क्रीनवरची शेवटची ओळ सगळ्यात कमी सांगते. वर जायचं आणि 'एरर प्रोसेसिंग पॅकेज' असं पहिल्यांदा कुठे आलं ते शोधायचं. बाकीची पॅकेजेस बहुधा त्याच एका पॅकेजमुळे अडलेली असतात. टर्मिनल बंद झालं असेल तरी बिघडत नाही, /व्हार/लॉग/एपीटी मधल्या टर्म.लॉग फाइलमध्ये सगळं उमटलेलं असतं. सर्व्हिसचं नाव कळलं की 'सिस्टमसीटीएल स्टेटस' (सिस्टमसीटीएल ही सर्व्हिसेस सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीची आज्ञा). पण तिथे थांबायचं नाही, कारण ती आज्ञा लॉगच्या फक्त शेवटच्या दहा ओळी दाखवते आणि खरं कारण बऱ्याचदा अकराव्या किंवा पन्नासाव्या ओळीवर असतं. 'जर्नलसीटीएल -यू' आणि सर्व्हिसचं नाव देऊन पूर्ण लॉग उघडायचा आणि त्यातही पहिली तक्रार शोधायची.

हे न केल्यामुळे लोक 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली' या ओळीशी तासन्‌तास झगडताना मी पाहिले आहेत. ते कारणच नसतं. दहा सेकंदांत पाच वेळा सुरू करून झालं की सिस्टमडी पुढचे प्रयत्न नाकारतं, हा त्याचा मूळ हिशेब आहे. ती ओळ फक्त एवढं सांगते की याआधी पाच वेळा काहीतरी फसलं. ते 'काहीतरी' वर आहे. दोष दुरुस्त केल्यावर 'सिस्टमसीटीएल रीसेट-फेल्ड' दिलं की तो मोजणीचा हिशेबही कोरा होतो.

एक्झिट कोडचंही, म्हणजे प्रोसेस संपताना मागे ठेवते त्या आकड्याचंही, तसंच. २०३/एक्झेक दिसलं तर युनिटमध्ये, म्हणजे सर्व्हिस कशी चालवायची हे सांगणाऱ्या फाइलमध्ये, लिहिलेला प्रोग्राम त्या जागी नाही किंवा चालवता येत नाही. २१७/यूजर म्हणजे ज्या युजरच्या नावाने सर्व्हिस चालायची तो युजरच सापडत नाही. २०० म्हणजे कामाच्या डिरेक्टरीत शिरता आलं नाही. हे आकडे सिस्टमडीचे स्वतःचे आहेत, सर्व्हिसचा प्रोग्राम सुरू होण्याआधीचे, त्यामुळे ते दिसले की सर्व्हिसच्या कॉन्फिगरेशनमध्ये डोकं घालण्यात अर्थ नसतो.

२०३ बद्दल थोडं जास्त बोलायला हवं. पॅकेजबरोबर आलेली युनिट फाइल कुणीतरी पूर्ण कॉपी करून /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम मध्ये ठेवतं आणि तिच्यात एखादी ओळ बदलतं. नाव तेच असल्यामुळे /ईटीसी मधली फाइल जिंकते आणि पॅकेजची मूळ युनिट त्या दिवसापासून झाकली जाते. पुढे अपग्रेडमध्ये प्रोग्रामची जागा बदलते किंवा जुना पर्याय काढून टाकला जातो. पॅकेजवाल्यांनी आपल्या युनिटमध्ये तो बदल नीट केलेला असतो, पण ती युनिट वाचतंय कोण? 'सिस्टमसीटीएल कॅट' दिलं की नेमकी कोणती फाइल लागू आहे ते दिसतं, आणि 'सिस्टमडी-डेल्टा' तर मशीनवरच्या अशा सगळ्या झाकलेल्या फायलींची यादीच देतं. बदल करायचा असेल तर 'सिस्टमसीटीएल एडिट' वापरून तेवढीच ओळ वेगळ्या तुकड्यात ठेवावी, बाकीची युनिट पॅकेजच्या हाती राहू द्यावी, अशा मताचा मी पक्का आहे.

आता त्या स्क्रिप्टबद्दल, जिच्या नावाने एरर येते. पोस्टइन्स्ट ही कुठली बंद पेटी नाही. /व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो मध्ये प्रत्येक पॅकेजच्या स्क्रिप्ट साध्या वाचता येतील अशा ठेवलेल्या असतात, बहुतेक शेलमध्ये लिहिलेल्या. एरर आली की मी ती फाइल उघडतो. ती काय करत होती, युजर बनवत होती, परवानग्या लावत होती, डेटाचं स्वरूप बदलत होती की नुसती रीस्टार्ट करत होती, हे पाच मिनिटांत कळतं. आणि ज्यांनी ही रचना उभी केली त्यांच्याबद्दल आदर वाढतो. एकच बारकावा सांगतो. अपग्रेडच्या वेळी डीपीकेजी आधी जुन्या पॅकेजची प्रीआरएम, म्हणजे काढण्यापूर्वीची, स्क्रिप्ट चालवतं. तीच सदोष असेल आणि पडली तर? तर नव्या पॅकेजची प्रीआरएम 'फेल्ड-अपग्रेड' असं सांगून बोलावली जाते, म्हणजे आधीच्या आवृत्तीत राहिलेली चूक नंतरच्या आवृत्तीला सावरून घेता येते. जुनं पॅकेज लाखो मशीनवर आधीच पोचलेलं असतं, ते परत आणून दुरुस्त करता येत नाही. ही अडचण ओळखून कुणीतरी शांतपणे ही वाट ठेवली आहे.

म्हणूनच एक सल्ला वारंवार दिला जातो तो मला खटकतो: पोस्टइन्स्ट उघडा, वरच 'एक्झिट ०' लिहा, पुन्हा कॉन्फिगर करा, झालं. झालं काय तर डीपीकेजीला खोटं सांगितलं. पॅकेज 'इन्स्टॉल्ड' दिसायला लागतं आणि स्क्रिप्टमधलं उरलेलं काम कायमचं राहून जातं. सर्व्हिस का उठली नाही हे तर अजून कळलेलंच नसतं. पुढच्या वेळी ती पडेल तेव्हा मागे जाण्यासाठी धागाही शिल्लक नसेल. सर्व्हिसच्या कॉन्फिगरेशनमधला दोष शोधायला सहसा याहून जास्त वेळ लागत नाही. 'एसएसएचडी -टी', 'एनजिनएक्स -टी', 'अपाचीसीटीएल कॉन्फिगटेस्ट', 'नेम्ड-चेककॉन्फ' या आज्ञा सर्व्हिसला हात न लावता फाइल तपासून ओळ क्रमांकासकट चूक सांगतात.

अपग्रेड कधीच दोषी नसतं असं मात्र मी म्हणणार नाही. मायएसक्यूएल ८.० मध्ये क्वेरी कॅश पूर्ण काढून टाकलं. ज्यांच्या फाइलमध्ये 'क्वेरी_कॅश_साइझ' ही ओळ होती त्यांचा डेटाबेस नव्या आवृत्तीवर उठायलाच तयार नव्हता. काल वैध असलेली ओळ आज चालेना. इथे बदल नक्कीच अपग्रेडचा. तरीही ५.७ च्या मालिकेतच, ५.७.२० पासून, क्वेरी कॅश जाणार असल्याची सूचना देऊन झाली होती. कॉन्फिगरेशन फाइलबद्दल डीपीकेजी जो प्रश्न विचारतं, तुमची ठेवू की नवी घेऊ, त्यालाही आपण नुसतं एंटर दाबतो आणि आपली जुनी फाइल राहते. हे उत्तर बऱ्याचदा बरोबरही असतं. पण शेजारी .डीपीकेजी-डिस्ट शेपटीची नवी फाइल ठेवली जाते, आरपीएमच्या (रेड हॅट, फेडोरा यांच्या पॅकेज पद्धतीच्या) जगात .आरपीएमन्यू शेपटीची, आणि ती कुणी उघडत नाही. दोन्हींतला फरक अपग्रेडच्याच दिवशी वाचला तर पुढच्या मोठ्या आवृत्तीचा अर्धा त्रास तिथेच वाचतो.

इतकं सगळं असेल तर रीस्टार्ट टाळावा का? 'चालतंय ना, मग हात लावू नका' हे वाक्य आमच्या धंद्यात फार आदराने बोललं जातं. माझा त्याला विरोध आहे, आणि त्याचं कारण २०१४ चा एप्रिल. हार्टब्लीड नावाची ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतली चूक ७ एप्रिलला जाहीर झाली; १.०.१ ते १.०.१एफ या आवृत्त्यांत ती होती आणि १.०.१जी मध्ये दुरुस्त झाली. नुसतं लायब्ररीचं पॅकेज अपग्रेड करून भागत नव्हतं. डिस्कवर नवी लायब्ररी आली तरी आधीपासून चालू असलेला वेब सर्व्हर मेमरीतली जुनीच वापरत राहतो, डिलीट झालेली, पण त्याच्यापुरती जिवंत. अपग्रेड यशस्वी, आवृत्ती नवी, आणि भोक तसंच उघडं. /प्रॉक मध्ये त्या प्रोसेसची मॅप्स फाइल पाहिली तर लायब्ररीच्या नावापुढे 'डिलीटेड' लिहिलेलं दिसतं. नीडरीस्टार्ट, चेकरीस्टार्ट ही हत्यारं हीच खूण शोधून यादी देतात. न उठलेली सर्व्हिस निदान ओरडते तरी. रीस्टार्ट न केलेली गप्प बसते, म्हणून मला तिची जास्त धास्ती वाटते.

डेबियनमध्ये लिबसी (जवळपास प्रत्येक प्रोग्राम वापरतो ती मूळ लायब्ररी) किंवा लॉगिन तपासणाऱ्या पॅमसारखी लायब्ररी बदलताना एक प्रश्न येतो: पॅकेज अपग्रेडच्या वेळी सर्व्हिसेस न विचारता रीस्टार्ट करू का? तो का विचारला जातो हे समजून घेण्यासारखं आहे. युजरची ओळख, होस्टची नावं या गोष्टी लिबसी स्वतःच्या वेगळ्या मॉड्यूलमधून शोधते, आणि ती मॉड्यूल्स गरज पडेल तेव्हा डिस्कवरून उचलली जातात. प्रोसेसच्या मेमरीत जुनी लिबसी आणि डिस्कवर नवं मॉड्यूल, अशी जोडी जमली नाही तर लॉगिन करणंच अडू शकतं. म्हणून एसएसएच (दुरून लॉगिन करण्याची सर्व्हिस), क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं चालवणारी), मेल सर्व्हर यांना लगेच नव्यावर आणावं लागतं. यातली एखादी उठली नाही तर अपग्रेड नावांची यादी देतं आणि सांगतं की या हाताने सुरू करा. का उठल्या नाहीत हे त्या यादीत नसतं; ते पुन्हा जर्नलमध्येच. एसएसएच त्या यादीत असेल तर घाबरून टर्मिनल बंद करू नका. डेबियनची एसएसएच युनिट अशी लिहिली आहे की मूळ प्रोसेस गेली तरी चालू सेशन टिकतं. त्याच सेशनमधून दुरुस्ती करा, दुसऱ्या खिडकीतून नवं लॉगिन होतंय याची खात्री करा आणि मगच पहिली खिडकी सोडा.

सगळी पॅकेजेस ओरडतात असंही नाही. आरपीएममध्ये रीस्टार्टचे जे ठरीव तुकडे स्क्रिप्टमध्ये पडतात ते अपयश गिळून टाकतात; व्यवहार 'कम्प्लीट' म्हणून संपतो आणि सर्व्हिस मेलेली असते. डेबियनमध्ये पॅकेजागणिक फरक आहे. जुन्या पद्धतीने इनव्होक-आरसी.डी मार्फत रीस्टार्ट करणारं पॅकेज अडून बसतं, नुसत्या सिस्टमडी युनिटवर चालणारं बऱ्याचदा पुढे निघून जातं. त्यामुळे अपग्रेड बिनतक्रार संपलं तरी 'सिस्टमसीटीएल --फेल्ड' मी न चुकता देतो. उबंटूसारख्या ठिकाणी आपोआप होणारं अपग्रेड सकाळी सहानंतरच्या तासाभरात कधीतरी चालतं, तेव्हा ही आज्ञा टायमरवर टाकून तिचा निकाल कुणाच्या तरी नजरेस पडेल अशी सोय करावी लागते.

आणि अपग्रेडच्या आधी मी एक गोष्ट करतो, जिच्याकडे नवे सहकारी आधी संशयाने बघतात. महत्त्वाची सर्व्हिस जुन्याच आवृत्तीवर एकदा रीस्टार्ट करतो. उठली, तर पुढे काही बिघडलं तर ते अपग्रेडचं, असं छातीठोक सांगता येतं. नाही उठली, तर दोष आपला जुना आहे, आणि तो सापडतो अशा वेळी जेव्हा हातात फक्त एकच प्रश्न आहे, अर्धवट कॉन्फिगर झालेली पॅकेजेस मध्ये आलेली नाहीत. यासाठी दोन वेळा सर्व्हिस बंद ठेवावी लागते, हे खरं आहे. आधी कळवून, कामाच्या वेळेत, सगळी माणसं जागेवर असताना ती बंद ठेवायला मी तयार असतो.

एवढं करूनही रीस्टार्टकडून सगळ्या उत्तरांची अपेक्षा करता येत नाही, हे मला जीलिबसी (लिनक्सवरची लिबसी) २.२८ ने शिकवलं. २०१८ मध्ये आलेल्या या आवृत्तीत मजकुराचा क्रम लावण्याचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले, आणि डेबियन १० मधून ती सगळीकडे पोचली. पोस्टग्रेस या डेटाबेसचे मजकुरावरचे इंडेक्स (नोंदी पटकन शोधण्याच्या सूची) लिबसीच्या क्रमाने रचलेले असतील तर जुन्या नियमांनी बांधलेला इंडेक्स आता नव्या नियमांनी वाचला जातो. सर्व्हिस व्यवस्थित उठते, स्टेटस हिरवं, लॉग स्वच्छ. आणि टेबलमध्ये असलेली नोंद शोधल्यावर सापडत नाही, किंवा युनिक म्हणून जपलेल्या कॉलममध्ये तीच किंमत दुसऱ्यांदा शिरते. तिथे त्या इंडेक्सवर रीइंडेक्स चालवावं लागतं, आणि दुहेरी नोंदी शिरल्या असतील तर त्याआधी त्या हाताने निस्तराव्या लागतात. पोस्टग्रेस १५ पासून डेटाबेसला जोडताना कोलेशनची, म्हणजे क्रमाच्या नियमांची, आवृत्ती जुळत नसल्याचा इशारा मिळतो. सिस्टमसीटीएलला त्याचा पत्ता नसतो, म्हणून लिबसी बदलली की मी डेटाबेसला एकदा हाताने जोडून ती ओळ येते का ते पाहतो.